शमुवेल मास्तर ज्या पंगतीत बसले

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. शमुवेल मास्तरांचे. मला अक्षर त्यांनी शिकवलं, मॅट्रिकचा फॉर्म भरायला माझ्या बापाला हाताला धरून लोहाऱ्याला तेच घेऊन गेले, आणि आज नावापुढं मी बी.ए. लिहितो तेही त्यांच्यामुळंच. एवढं लिहिणं सोपं आहे. पुढचं अवघड आहे. आयुष्याची शेवटची नऊ वर्षं मास्तर आमच्या देवळात सगळ्यांत मागच्या चटईवर बसले. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून खायची, भाकर त्यांच्यासमोरून पुढं जात राहिली, त्यांना कुणी दिली नाही. त्यांना त्या चटईवर बसवणाऱ्यांत मी होतो.

ते गेल्याचं कार्ड मला दीड महिन्यापूर्वी मिळालं. मी तुळजापूरला हायस्कुलात शिकवतो. वर्गात भूमितीचं प्रमेय चाललं होतं तेव्हा शिपायानं कार्ड आणून टेबलावर ठेवलं. त्यांच्या पत्नी एस्तरबाईंच्या वाकड्या अक्षरात दोनच ओळी होत्या. मास्तर गेले. मंगळवारी माती दिली... तो दिवस गुरुवार होता. मी प्रमेय पुरं केलं, ‘म्हणून सिद्ध झाले’ असं फळ्यावर लिहिलं, आणि वर्ग सोडला. दुपारच्या एस.टी.नं लोहाऱ्याला उतरून दोन कोस चालत गावी पोचलो तर वस्तीच्या तोंडाशीच यशया तात्या भेटले. हे आमच्या मंडळीचे, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांच्या समाजाचे, जुने पंच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आलास? उशीर केलास.”

“कार्ड आजच मिळालं, तात्या.”

“बरं. आता एक काम कर. तू शिकल्याला हाईस, पेपरात मास्तरांवर चांगलं लिही. मंडळीचा खांब व्हता म्हनून लिही. जुनं काय काढू नगंस.”

“जुनं म्हणजे?”

तात्यांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट नाकाला लावली, डबी मिटली. “तुला ठावं हाय की,” म्हणाले.

मला ठाऊक आहे. म्हणूनच मी लिहायला बसलो आहे, आणि जुनंच काढणार आहे.

माझा आजा आणि मास्तरांचे वडील यांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी तेरणा नदीच्या डोहात झाला. बाप्तिस्म्यानं आमची नावं बदलली, वस्ती मात्र वेशीबाहेर होती तिथंच राहिली, आणि गावाच्या लेखी आम्हीही तिथंच राहिलो. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. निजामाच्या अमलात त्यांना हजेरीपट उर्दूत भरावा लागे. हैदराबाद संस्थान गेलं, शाळा सरकारकडं गेली, हजेरीपट मराठीत आला, तरी नावाला मुलगा उठला नाही तर मास्तरांच्या तोंडून ‘गैरहाजिर’ असंच निघायचं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला तेव्हा तो त्यांनी वर्गात सावकाश, दोन वेळा वाचून दाखवला. त्याच संध्याकाळी ते हॉटेलासमोर जाऊन उभे राहिले आणि मालकानं त्यांना खिडकीतला, कान तुटलेला, आमच्या लोकांसाठी वेगळा ठेवलेला कपच दिला. मास्तरांनी चहा प्यायला, कप धुऊन परत खिडकीत ठेवला आणि म्हणाले, “कायदा लोहाऱ्यापर्यंत आलाय. पुढं रस्ता कच्चा हाय, येईल हळूहळू.” असं ते हसून बोलायचे. मला त्यांच्या हसण्याचा राग यायचा.

सरकारी शाळेत शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवता येईना, म्हणून ते सकाळी आपल्या अंगणात वस्तीतल्या मुलांना शिकवू लागले. तिथं एक खेळ असायचा. शास्त्र मिटून काखेत धरायचं, मास्तर त्यातल्या पुस्तकाचं नाव, अध्याय आणि वचनाचा आकडा पुकारणार, आणि जो सगळ्यांत आधी ते वचन काढून वाचील तो जिंकला. नाताळात तालुक्याच्या मंडळ्या जमायच्या तेव्हा याची स्पर्धा व्हायची, आणि चार वर्षं ती मी सोडली नाही. बक्षीस घेऊन आलो की मास्तर पाठीवर हात ठेवायचे आणि दर वेळी तेच सांगायचे, “वचन तुला लवकर सापडतं. पण सापडलं की तू थांबतोस. मागचं-पुढचं वाचत जा, दान्या.” मला ही त्यांची खोड वाटायची. स्पर्धेत मागचं-पुढचं वाचायला कुणी सांगत नव्हतं.

मॅट्रिकच्या वर्षी मी त्यांना एक प्रश्न विचारला होता. मोडलेल्या छत्रीच्या काड्यांना ते तार बांधत बसले होते. मी म्हणालो, मास्तर, बरं काय आणि वाईट काय हे शेवटी ठरवायचं कुणी? शास्त्रानं, की पंचांनी, की ज्याचं त्यानं? त्यांनी तार दातात धरली होती, ती काढली. म्हणाले, आधी शास्त्र वाचायचं. मग आपल्या आधी ज्यांनी ते वाचलं त्यांना विचारायचं, म्हणजे मंडळीला. शहाणी माणसं होऊन गेलीत, आपणच पहिले नाही. मग देवानं डोकं दिलंय ते वापरायचं. मी विचारलं, आणि तरीही कळलं नाही तर? “तर मग ज्या माणसाचं ठरवायचंय त्याच्या तोंडाकडं बघायचं, आन् परत पयल्यापासून वाचायचं.” मला ते उत्तर पटलं नाही. मला एकच जागा हवी होती, बोट ठेवून दाखवता येईल अशी. अठरा वर्षांच्या, नुकत्याच शिकायला लागलेल्या माणसाला बोट ठेवायला जागा लागते... दुसरं त्याच्याकडं काही नसतं.

आता सोनाईबद्दल सांगायला हवं. नाल्यापलीकडच्या माळावर तिचं घर. धनगर माणसं, मेंढरं राखणारी, घोंगड्या विणणारी. सोनाई घरातली कर्ती, आणि तिच्या शब्दापुढं तिचा मुलगा बिरूही बोलत नसे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा तिच्या नातवाला मुदतीचा ताप आला. एस्तरबाई लग्नाआधी मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. त्या एकवीस दिवस रोज नाला ओलांडून गेल्या, पोराचं अंग पुसलं, उकळलेलं पाणी चमच्यानं पाजलं. इकडं सोनाईनं बिरोबाला बोकड बोलला होता. पोर वाचलं. सोनाईनं कुणाचंच श्रेय ठेवून घेतलं नाही. “बिरोबानं राखलं आन् येस्तरनं पुसलं,” असं ती गावभर सांगत सुटली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो होतो तेव्हा ती स्वतः आमच्या वस्तीत आवतन घेऊन आली. गावातलं कुणी जेवायला बोलवायला आमच्या वस्तीत आलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

“मास्तर, सोमवारी बोकड हाय. पंगतीत बसायचं. भायेर न्हाय.”

“सोनाई, तुझी भावकी काय म्हणंल?”

“भावकीचं म्या बघते. तुमी तेवढं या.”

एस्तरबाई माहेरी गेल्या होत्या, म्हणून मास्तर मला बरोबर घेऊन गेले. इथं आमच्या मंडळीचा नियम सांगतो. देवापुढं कापलेल्या बकऱ्याचा तुकडा जो तोंडात घालील त्याला प्रभुभोजन बंद. हा नियम कुणी उगाच केला नव्हता. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या आमच्या आज्या-पणज्यांना गाव जत्रेच्या मटणाचं आवतन देऊनच परत ओढत असे, आणि ते आवतनही उकिरड्याच्या कडेला बसून खायचं असे. त्या आवतनाला नाही म्हणायला आमच्या माणसांना फार बळ लागलं होतं. हा नियम म्हणजे त्यांची ताठ मान होती. मास्तरांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

सोनाईच्या अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या. तिनं मास्तरांना बिरूच्या शेजारी बसवलं, आणि त्यांच्या शेजारी मला. समोरच्या रांगेतला एक म्हातारा उठला. पटका झटकून डोक्यावर ठेवत, काहीही न बोलता चालू लागला. त्याच्यामागं आणखी तिघे उठले. सोनाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. रश्शाचं भगुणं कमरेवर घेऊन ती वाढत राहिली आणि मोकळ्या झालेल्या पत्रावळींवरून तशीच पुढं आली. मास्तरांनी उठून जाणाऱ्यांकडं पाहिलं, मग सोनाईकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले, त्यांचे ओठ हलले, आणि त्यांनी भाकरी मोडली.

मी पत्रावळ पुढं सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “आम्ही देवाला दाखवलेलं खात नाही.”

सोनाईचा हात थांबला. “आमचं चालंना व्हय रं तुला?”

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. जन्मभर तो माझ्या पोटात होता, फक्त मला तो दुसऱ्यांना विचारायचा होता. मास्तर मान वर न करता म्हणाले, “पोराचं पोट बिघडलंय, सोनाई. नुसती भाकरी दे त्याला.” त्यांनी मला वाट करून दिली होती. त्या वाटेनं मी गेलो असतो तर तिचाही मान राहिला असता आणि माझाही. पण मी म्हणालो, “माझं पोट ठीक आहे.” आणि उठलो. आधी गेलेल्या चौघांच्या मागोमाग, त्याच वाटेनं. नाल्याशी मी मास्तरांची वाट पाहत थांबलो. ते पोटभर जेवून आले. पाण्यातले दगड ओलांडताना एवढंच म्हणाले, “पाच जणं उठली आज तिच्या दारातनं. पाचवा आपला.”

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि आदल्या शनिवारी दुपारी समेटाची सभा. मंडळीतल्या प्रत्येकाचं नाव वाचतात. कुणाचं कुणाशी भांडण असेल, कुणाचं काही चुकलं असेल, तर तिथं बोलायचं, मिटवायचं, आणि मग उद्या भाकर कुणाला द्यायची ती नावं कायम होतात. त्या शनिवारी मास्तरांचं नाव आलं तेव्हा मी उभा राहिलो. मला कुणी विचारलं नव्हतं. मी सत्यासाठी उभा राहिलो असं तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि ते सगळंच खोटं नव्हतं. पण सोलापूरच्या वसतिगृहातली माझी जागा मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब माझ्या वर्तणुकीचा जो दाखला देतील त्यावर होती आणि तो दाखला त्याच आठवड्यात लिहायचा होता. पंगतीत मीही बसलो होतो हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मला सांगायचं होतं.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, “मास्तर, खाल्लंत?”

“खाल्लं.”

“कशाचं आहे ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग कुणाच्या अधिकारानं खाल्लंत?”

पाळकसाहेब माझ्याकडं वळले. “दानिएल, वचन काढ.” आणि मी काढलं. आकडा कुणी पुकारण्याआधी काढलं. मूर्तींनी भरलेल्या एका शहरातल्या मंडळीला प्रेषितानं लिहिलेलं पत्र आहे, त्यात नेमका हाच प्रश्न आहे. त्याचा मथितार्थ असा की कुणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते काही न विचारता खा, पण हे देवाला दाखवलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याकरता आणि मनाकरता ते खाऊ नका. मी एवढं वाचलं आणि थांबलो.

“पुढं वाच,” मास्तर म्हणाले.

“पुरे,” पाळकसाहेब म्हणाले. “स्पष्ट आहे.”

पुढचं वाक्य मला पाठ होतं. बोटाखालीच होतं. तिथं प्रेषित म्हणतो की मी मन म्हणतो ते तुमचं नव्हे, त्या दुसऱ्या माणसाचं... मी पुस्तक मिटलं. मग मास्तरच बोलले, आणि तेवढ्या सभेत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. “सांगणारी कोण? सोनाई. तिच्यासाठी खाऊ नको म्हणतो प्रेषित. म्या तिच्यासाठीच खाल्लं. चार घरं तोडून तिनं मला शेजारी बसवला. म्या उठलो असतो तर आपल्या देवाबद्दल त्या बाईच्या मनात काय ऱ्हायलं असतं?” यशया तात्या म्हणाले, “मास्तर, तुमी शाळेत शिकवता तसं हितं शिकवू नगा.” लोक हसले. मीही हसलो असेन. निकाल झाला. मास्तर उभे राहून ‘मी चुकलो’ म्हणेपर्यंत त्यांना भाकर आणि प्याला बंद.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून मागच्या चटईवर जाऊन बसले. यातली सगळ्यांत कडू गोष्ट पुढची आहे. आमच्या देवळातली प्रभुभोजनाची भाकर वर्षानुवर्षं मास्तरांच्या घरी व्हायची. एस्तरबाई शनिवारी प्याल्यासाठी मनुका भिजत घालायच्या, रविवारी पहाटे उकळून त्यांचा रस गाळायच्या, गव्हाची जाड भाकर तव्यावर भाजायच्या. शिक्षा झाल्यावरही ते काम दुसऱ्या कुणी घेतलं नाही. मनुका निवडत बसायला कुणाला वेळ नव्हता. नऊ वर्षं पंच शुक्रवारी त्यांच्या दारावरून जाताना हाक द्यायचे, “मास्तर, परवाच्या भाकरीचं बघा बरं का.” आणि मास्तर बघायचे. टोपली डोक्यावर घेऊन तेच देवळात यायचे, मेजावर ठेवायचे आणि मागं जाऊन बसायचे. त्यांच्या चुलीवर झालेली भाकर सगळ्या देवळात फिरायची आणि त्यांच्या चटईशी आली की वळायची. याचं कुणाला काही वाटलं नाही. मलाही, सुट्टीत आलो की पुढच्या चटईवर बसून ती खाताना, वाटलं नाही.

पाळकसाहेबांनी एकदा मधला मार्ग काढला होता. नुसतं ‘चुकलं’ म्हणा, काय चुकलं ते बोलू नका. मास्तर म्हणाले, “आन् देवानं विचारलं काय चुकलं, तर तुमच्याकडं पाठवू का?” पुढं ते जे बोलले ते एस्तरबाईंनी मला आता सांगितलं. “तुमी जिथं बस म्हणाल तिथं बसतो. त्यो तुमचा अधिकार, म्या मोडणार न्हाय. पण जे पाप न्हाय त्याला पाप म्हणायचं, ती भाकर मिळावी म्हणून म्हणायचं... अशी खाल्लेली भाकर उतरंल का घशाखाली?” त्यांनी मंडळी सोडली नाही. दुसऱ्या गावच्या देवळात गेले नाहीत, तिथं त्यांना कुणी अडवलं नसतं. अधिकार मानायचा किती आणि कुठं थांबायचं, हे मी कॉलेजात नीतिशास्त्राच्या तासाला वर्षभर शिकलो. शेवटच्या चटईवर ते दर रविवारी दिसत होतं, आणि मला दिसलं नाही.

त्या सुट्टीनंतर मी सोलापूरला निघालो तेव्हा मास्तर लोहाऱ्याच्या स्टँडवर आले. सभेला तेव्हा पुरे आठ दिवसही झाले नव्हते. मी त्यांना टाळून पहाटेच निघालो होतो, तरी आले. काखेत नवी कोरी काळी घोंगडी होती. खिडकीतून आत ढकलत म्हणाले, “वसतिगृहाची फरशी गार असती. पांघर.” कुणी दिली, कुठून आणली, मी विचारलं नाही. एवढं सगळं झाल्यावर हा माणूस मला पांघरूण का देतो, हेही विचारलं नाही. गाडी सुटली तेव्हा ते हात हलवत नव्हते, छत्रीची काडी सरळ करत उभे होते.

नऊ वर्षांत मी बी.ए. झालो, शिक्षक झालो. मंडळीनं देवळात माझा सत्कार केला. मागच्या चटईवरून सगळ्यांत आधी टाळी वाजली ती त्यांची. मी त्यांच्या घरी जायचो, चहा घ्यायचो, पगारातून त्यांना एक नवी छत्री नेऊन दिली. त्या शनिवारबद्दल मी एक शब्द काढला नाही, त्यांनीही नाही. मला वाटे, ते विसरले. शिकलेल्या माणसाला असं वाटून घेता येतं.

आता त्यांचा शेवट. छातीत पाणी झालं होतं. पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन खाटेशी आले आणि म्हणाले, मास्तर, एकच शब्द बोला. मास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला, प्रेमानं धरून ठेवला, आणि तोंड मिटून राहिले. माती देताना पाळकसाहेबांनी त्यांना मंडळीचा खांब म्हटलं. बुधवारी पंचांनी बसून ठराव केला की कैलासवासी, म्हणजे आमच्या भाषेत प्रभूत निजलेले, शमुवेल मास्तर यांच्यावरची बंदी उठवण्यात येत आहे. मेलेल्या माणसाला त्यांनी जेवायला बसायची परवानगी दिली. या ठरावाला विरोध झाला नाही, असं तात्यांनी मला अभिमानानं सांगितलं.

मी सोनाईकडं गेलो. मला का जावंसं वाटलं ते नीट सांगता येणार नाही. ती दारात उन्हाला बसली होती, डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही.

“कोन हाय?”

“दानिएल. मास्तरांचा.”

“त्यो न जेवल्याला व्हय?”

मी हो म्हणालो. नऊ वर्षांत माझी एवढीच ओळख तिच्याकडं राहिली होती. मग तिनं विचारलं, “घोंगडी हाय का अजून, का फाटली?” मी म्हणालो, आहे. पण तुम्हाला कसं ठाऊक? “म्याच इनली की. त्या सालच्या लोकरीची पयली घोंगडी. बिरोबाच्या पायाशी ठिवली आन् मास्तरला दिली, पंगतीत बसला म्हनून. त्यो म्हनला, माझ्यापरीस एका पोराला थंडी वाजंल. म्या म्हनलं, देवाला दावल्याली हाय, चालंल का त्याला? तर हसाया लागला. म्हनला, त्याला सांगू नगंस सोनाई, न्हायतर उघडा झोपंल.”

मी खाली बसलो. म्हणालो, सोनाई, भाकरी असली तर द्या मला. ती म्हणाली, “सून रानात गेलीया, चूल इझलीया. कवातरी ये परत.” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला आता माझ्या खाण्या-न खाण्याचं काहीच उरलं नव्हतं.

निघताना एस्तरबाईंनी मास्तरांचं शास्त्र माझ्या हाती दिलं. प्रेषिताच्या त्या पत्रात, त्याच पानाशी, माझं एक पत्र घडी घालून ठेवलं होतं. मीच त्यांना सोलापूरहून पाठवलेलं. उत्तरादाखल तेव्हा त्यांचं एक कार्ड आलं होतं, त्यात एवढंच होतं की पत्र मिळालं, अभ्यास कर, पोटाला जप. माझं पत्र मात्र त्यांनी नऊ वर्षं जपलं, आणि घडीवरून दिसतं की ते पुष्कळ वेळा उघडलं होतं. पाळकसाहेबांनी विचारलेला अधिकाराचा प्रश्न मीही नऊ वर्षं इतरांना विचारत आलो. माझा स्वतःचा अधिकार कसा दिसत होता, ते या पत्रात आहे. यशया तात्यांनी जुनं काढू नको म्हटलं होतं. ते पत्र मी जसंच्या तसं खाली देतो.

“तीर्थरूप गुरुवर्य शमुवेल मास्तर यांना दानिएलचा सलाम.

मी येथे सुखरूप पोहोचलो. पाळकसाहेबांचा दाखला आला असून माझी जागा कायम झाली आहे. दाखल्यात त्यांनी माझ्या सत्यनिष्ठेचा खास उल्लेख केला आहे, हे आपणांस कळवताना आनंद होतो, कारण हे आपल्याच शिकवणुकीचे फळ आहे.

झाल्या गोष्टीवर मी प्रार्थनापूर्वक विचार केला. आपण मला एकदा म्हणाला होता की माणसाच्या तोंडाकडे पाहून पुन्हा वाचावे. मला वाटते, तेथेच आपली चूक झाली. माणसाचे तोंड पाहिले की मन विरघळते आणि वचनाचा अर्थ आपल्याला हवा तसा लागतो. जेथे वचन स्पष्ट आहे तेथे आणखी कशाकडे पाहण्याची गरज काय? मी वयाने लहान आहे, परंतु सत्याला वय नसते. आपण उभे राहून दोन शब्द बोलावेत आणि मंडळीचे दुःख दूर करावे, अशी माझी नम्र विनंती आहे. माझ्या मनात आपल्याविषयी काहीही किल्मिष नाही. मी आपल्याला क्षमा केली आहे.

येथे थंडी बरीच पडली आहे. फरशी आपण म्हणाला होता तशीच गार आहे. परंतु आपण दिलेल्या घोंगडीमुळे झोप फार चांगली लागते. खोलीतली दोन मुलेही तशी घोंगडी मागत आहेत. ती आपण कोणाकडून घेतली, ते कृपा करून कळवावे.

एस्तरबाईंना सलाम.

आपला आज्ञाधारक,
दानिएल”